किंचित वाकडं

"हे घे तुझं!" आस्तानं उजव्या कानामागचं यंत्र काढून लोण्याच्या भांड्याशेजारी ठेवलं, मग डावंही काढलं. "अख्खी प्रार्थना मी पत्र्याच्या पिंपात बसून ऐकली. आपली आबेलोने शेजारी उभी राहून गात होती आणि मला वाटत होतं, कुणीतरी ताटलीवर चमचा घासतंय."

एस्किल टॉलस्ट्रुप राय धान्याच्या काळ्या पावाच्या तुकड्यावर हेरिंग मासा मांडत होता. त्याचा हात तसाच थांबला.

"मोठ्या आवाजातच फाटतं का? की हळू आवाजातही?"

"काय?"

यंत्रं टेबलावर होती हे त्याच्या ध्यानात आलं. तो तिच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मोठ्या आवाजातच फाटतं का?"

"सगळ्यातच फाटतं. आणि मला तुझे ते प्रश्न विचारू नकोस. मला एवढंच कळतं की त्यात सगळे ओरडतात, गात कुणीच नाही."

नोव्हेंबरातला रविवार होता. खिडकीबाहेर स्वेनबोर्गची खाडी शिशासारखी पडली होती. एस्किलनं दोन्ही यंत्रं उचलली, रुमालानं पुसली आणि कोटाच्या खिशात टाकली. दुसऱ्या कुणाच्या बायकोनं दुसऱ्या कुठल्या यंत्राला नावं ठेवली असती, तर त्यानं मान डोलावून पुढचा घास घेतला असता. पण हे यंत्र त्याचं होतं. बंदराच्या टोकाला श्रवणयंत्रांचा जो कारखाना होता, त्यात तो ऐन पंचविशीत लागला होता आणि तिथंच त्याचे केस पिकले होते. आस्ताच्या कानामागच्या त्या शेंगेएवढ्या डबीतला ॲम्प्लिफायर त्यानं स्वतः, कागदावर गणित मांडून, घडवला होता.

ॲम्प्लिफायर सरळ असतो असं कॉलेजात शिकवतात. आत जेवढं घालावं, त्याच्या ठरावीक पटीत बाहेर यावं. खरा ॲम्प्लिफायर तसा नसतो, तो किंचित वाकडा असतो. एस्किलचं आयुष्य त्या 'किंचित'मध्ये गेलं होतं. आधी तो सरळच आहे असं धरून उत्तर काढायचं. मग त्या उत्तराच्या आधारानं वाकडेपणाची पहिली दुरुस्ती करायची, तिच्या आधारानं दुसरी. वाकडेपणा थोडा असला, तर दर दुरुस्ती आधीच्यापेक्षा लहान होत जाते आणि दोन-तीन पायऱ्यांत माणूस खऱ्या उत्तरापाशी पोचतो. वाकडेपणा फार असला तर मात्र दुरुस्त्या वाढतच जातात आणि सगळं गणित कोसळतं. पण तशा यंत्रांच्या वाटेला एस्किल कधी गेलाच नव्हता.

या वाकडेपणातून एक पीडा जन्माला येते. दोन सूर आत सोडले की बाहेर तिसराही येतो, जो कुणी गायलेला नसतो. शिवाय तो मूळ सुरांना इतका चिकटून असतो की गाळून काढता येत नाही. कारखान्यात त्याला 'आगंतुक' म्हणत. एकट्या माणसाच्या बोलण्यात तो खपून जातो, पण वीस-पंचवीस जण एकत्र गायला लागले की आगंतुकांची जत्राच भरते. म्हणून आस्ता 'पत्रा' म्हणाली तेव्हा एस्किलला ती काय म्हणते आहे ते लगेच कळलं. निदान त्याला तसं वाटलं.

घरातही त्याची रीत तीच होती. आस्ताला फोनची घंटा ऐकू येईना तेव्हा त्यानं मोठी घंटा बसवली. फोनवरचं बोलणं कळेना तेव्हा आल्बोर्गला राहणाऱ्या मुलीला, कार्नाला, सावकाश बोलायला सांगितलं. मग एक यंत्र आलं, मग दुसऱ्या कानाला दुसरं. प्रत्येक वेळी तो म्हणे, "थोडंसंच राहिलंय आता." आस्ता हसून मान हलवायची. कार्नाला मात्र ती आताशा फोन करत नव्हती, पत्र लिहायची.

त्याच आठवड्यात प्रेबेननं एस्किलला गाठलं. प्रेबेन चर्चचा ऑर्गनवादक. गायकवृंदही तोच शिकवायचा. माणूस मऊ, सतत घसा खाकरणारा. तालमीनंतर आस्ता आत गायकांच्या झग्यांच्या घड्या करत होती आणि एस्किल बाहेर सायकलींपाशी उभा होता.

"एस्किल, कसं सांगू तुला..."

"सांग की. चर्चची चावी पुन्हा हरवलीस का?"

प्रेबेन हसला नाही. "तिचा सूर घसरतो रे. पूर्वी खालच्या पट्टीतल्या सगळ्या बायका तिच्या आधारानं गायच्या. मी नव्या बाईला सांगायचो, आस्ताच्या शेजारी उभी राहा आणि कान उघडे ठेव. आता त्याच येऊन मला सांगतात की ती आम्हाला खाली ओढते."

"कोण सांगतं?"

"ते विचारू नकोस." प्रेबेननं घसा खाकरला. "ख्रिसमसचं काही मी बोलत नाही. पण नंतर... तू सांगशील का तिला? माझ्या तोंडून नाही निघायचं. मी इथं आलो तेव्हा माझा पहिला ईस्टर तिनं तारून नेला होता."

एस्किल सायकलीच्या हँडलवरचं दव अंगठ्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "दोष तिचा नाहीये, यंत्राचा आहे. माझ्या यंत्राचा. मला ईस्टरपर्यंत वेळ दे."

"यंत्राचा?" प्रेबेनचा चेहरा इतका खुलला की एस्किललाही धीर आला. "मग काय! ईस्टरपर्यंत मी कुणाला काही बोलू देणार नाही."

कारखान्यात त्या हिवाळ्यात तरुण मंडळी नवीन कॉम्प्युटरवर आकडे सोडून कॉफी प्यायला जात. एस्किल मात्र पुन्हा कागद घेऊन बसला. शेवटच्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीपासून सुरुवात करून त्यानं वाकडेपणाचा एकेक पदर उलगडला. तिसऱ्या पायरीवर दोन पदर एकमेकांविरुद्ध उभे करता आले तर ते परस्पर खोडले जातात, हे त्याला ठाऊक होतं. ते जुळवून आणायला मात्र कष्ट पडले. वाउन नावाचा त्याचा जुना जोडीदार जोडण्या करायचा. भिंगाखाली सोल्डर करता करता त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असे.

"एस्किल, लोक बायकोला हिऱ्याचं कानातलं देतात. तू असलं देतोस."

"हिऱ्याचं घालून ऐकू येतं का?"

"नाही. पण तक्रारही ऐकू येत नाही."

"तू जोड मुकाट्यानं. तो ट्रान्झिस्टरचा तिसरा पाय हलला बघ."

"माझाच पाय हलतोय रे, थंडीनं."

फेब्रुवारीत यंत्र तयार झालं. आधीच्यापेक्षा थोडं जाड, बॅटरी खाणारं. पण दोन सूर आत सोडून पडद्यावर पाहिलं तेव्हा आगंतुकाच्या जागी नुसती गवतासारखी खुरटी रेघ होती. वाउन पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाला, "मेला की काय हा?"

"मेला," एस्किल म्हणाला.

आस्तानं ते कानाला लावलं. एस्किल तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला. आस्ता खिडकीकडे पाहून म्हणाली, "स्वच्छ आहे."

"खरंच?"

"खरंच. चांगलं झालंय, एस्किल."

ख्रिसमसनंतर थांबलेल्या तालमी आता पुन्हा सुरू झाल्या होत्या. पहिल्या तीन-चार तालमींना तो मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसला. खलाशांनी नवसापोटी छताला टांगलेल्या लाकडी जहाजाखाली गायकवृंद उभा असे, आस्ता दुसऱ्या ओळीत आबेलोनेशेजारी. तिचं तोंड इतरांबरोबर उघडत होतं, मिटत होतं. एस्किलला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण काही बिघडलेलं त्याच्याही कानांना जाणवलं नाही. प्रेबेन तर धावतच आला आणि त्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"काय जादू केलीस रे? एक अक्षर बोलायला जागा नाही आता. खालची पट्टी कशी शांत झाली बघितलंस?"

त्या संध्याकाळी घरी बटाटे सोलताना एस्किल गुणगुणत होता. आस्तानं त्याच्या हलणाऱ्या गळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू गातोयस की काय?"

"चुकून," तो म्हणाला.

कारखान्यातही बातमी पसरली. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या यंत्रात हाच ॲम्प्लिफायर घालायचं ठरवलं. वाउननं ड्रॉवरमधून बिअरच्या दोन बाटल्या काढल्या. "आगंतुकाच्या तेराव्याची," तो म्हणाला.

मार्चमध्ये ओडेन्सच्या हॉस्पिटलात आस्ताची तपासणी होती. ती कधीची ठरलेली होती. एस्किल उत्साहानंच गेला. आपलं यंत्र त्याला डॉक्टरांना दाखवायचं होतं.

डॉक्टर बोडिल उंच, मोकळ्या हसण्याची बाई होती. तिनं यंत्र हातात घेऊन कौतुक केलं आणि मग आस्ताच्या कानांतून दोन्ही यंत्रं काढायला लावली. "आज एक नवीन तपासणी करून बघू. यात बाईंना बटण दाबायचं नाही, हात वर करायचा नाही. नुसतं स्वस्थ बसायचं. कानच उत्तर देतो."

"कान काय उत्तर देणार?" एस्किलनं विचारलं.

"या बारक्या नळीतून दोन सूर कानात सोडायचे. धडधाकट कान नुसता ऐकून घेत नाही. तो आतून स्वतःचा एक सूर तयार करतो आणि परत बाहेर पाठवतो. अगदी बारीक. नळीतला मायक्रोफोन तो पकडतो. कानाच्या आत ज्या केसासारख्या पेशी असतात ना, त्या जिवंत असल्याची ती खूण."

एस्किल खुर्चीत पुढे सरकला. "कुठला सूर येतो? खालच्या सुराच्या दुपटीतून वरचा वजा?"

बोडिल हसली. "तुम्हाला माहीत आहे तर."

माहीत होतं. या तपासणीबद्दलही त्यानं कुठल्याशा मासिकात ओझरतं वाचलं होतं आणि पान उलटलं होतं, कारण त्यात ॲम्प्लिफायर नव्हता. हा सूर म्हणजे त्याचाच आगंतुक.

"आधी तुमच्या कानावर दाखवते. म्हणजे बाईंना भीती वाटायची नाही," बोडिल म्हणाली. तिनं त्याच्या कानात मऊ रबराचं टोक बसवलं. दोन सूर वाजले. पडद्यावर दोन उंच काठ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डावीकडे, बरोबर जिथं तो आयुष्यभर बघत आला होता तिथं, एक लहानसं टोक वर आलं.

"झकास," बोडिल म्हणाली. "वयाच्या मानानं उत्तम कान आहे."

एस्किलला लाज वाटली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. आस्ता समोरून त्याच्याकडे पाहून हसत होती, लहान मुलाचा फोटो काढताना आई हसते तशी.

मग ती बसली. टोक कानात गेलं. तिनं हात मांडीवर ठेवले. पडद्यावर दोन काठ्या उभ्या राहिल्या. डावीकडे काही नव्हतं.

"थोडा आवाज वाढवा," एस्किल म्हणाला.

बोडिलनं वाढवला.

"सुरांमधलं अंतर बदलून बघा. कधीकधी एका जागी दोन पदर एकमेकांना खोडतात, तसं असेल."

तिनं बदलून पाहिलं. खाली, वर, मग दुसरा कान. गवतासारखी खुरटी रेघ. एस्किल उठून पडद्यापाशी जाऊन उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो मनातल्या मनात त्या आगंतुकाला बोलावत होता. ये, जरासा तरी ये.

"नळी बसली नसेल नीट. मायक्रोफोन बघा."

"यंत्र ठीक आहे, टॉलस्ट्रुप," बोडिल हळूच म्हणाली. "आत्ताच तुमच्या कानावर चाललं ना?"

"पण ती गाते! डॉक्टर, ती चर्चमध्ये गाते. तिच्या सुरात फरक पडलाय, तुम्ही ऑर्गनवादकाला विचारा. माझं यंत्र लावल्यापासून..."

बोडिलनं जुने कागद पाहिले, आस्ताकडे पाहिलं. "तुमच्या यंत्रानं बोलण्यातलं बरंचसं त्यांच्यापर्यंत पोचतं, आणि ते चांगलं यंत्र आहे. पण सुरांमधला बारीक भेद आता त्यांचा कान करू शकत नाही. ऑर्गन आणि भोंगा यांच्यात त्यांना फारसा फरक ऐकू येत नसणार. यंत्र कितीही स्वच्छ करा, आत ऐकणारंच राहिलेलं नाही. आणि हे अजून कमी होत जाईल."

"अजून किती?"

"तयारी ठेवा. ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवतात, त्या वर्गात नाव घाला. आत्ताच घाला, थोडं ऐकू येतंय तोवर."

आस्ता एकदा बोडिलच्या, एकदा एस्किलच्या तोंडाकडे बघत होती. यंत्रं अजून काढलेलीच होती. दोघं बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात माणसं बाकांवर बसली होती. तिनं एस्किलची बाही धरली आणि विचारलं, "काय म्हणाली?" आपला आवाज किती मोठा झालाय हे तिला कळलं नाही. चार जणांनी माना वळवल्या.

"गाडीत सांगतो."

"काय?"

"गाडीत!"

बहिऱ्या माणसाला गुपित सांगता येत नाही, हे एस्किलला त्या दिवशी कळलं. आणि गाडी चालवता चालवता तर काहीच सांगता येत नाही. त्यानं रस्त्याकडे बघत दोन वाक्यं सुरू केली आणि दोन्ही वेळा आस्ता म्हणाली, "इकडे बघून बोल." शेवटी शहराबाहेर, बिटाच्या उघड्याबोडक्या शेताशेजारी, त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तिच्याकडे वळला. तिनं यंत्रं कानांना लावली होती.

"ती म्हणते, यंत्राचा दोष नाही."

"मग माझा."

"कानाचा."

"तेच ते."

"तेच ते नाही! ती म्हणते, तुला सूर कळतच नसणार. मी म्हटलं, हे कसं शक्य आहे, ती गाते. प्रेबेनला विचारा. प्रेबेन स्वतः मला म्हणाला..."

आस्तानं खिडकीबाहेर पाहिलं. काळ्या मातीत कावळे उतरले होते. "मी गात नाही, एस्किल."

"म्हणजे?"

"ख्रिसमसपासून गात नाही. नुसतं तोंड हलवते."

एस्किलनं अर्धी उघडी काच वर केली.

"ख्रिसमसच्या आदल्या तालमीला आबेलोने माझ्यापासून वीतभर सरकून उभी राहिली. इतकी वर्षं आमचे खांदे लागून असायचे. बाईमाणूस उगाच सरकत नाही रे. तेव्हा मला समजलं. मग मी गायचंच सोडलं. ती पुन्हा जवळ आली."

"आणि माझं यंत्र? स्वच्छ आहे म्हणालीस तू. माझ्या तोंडावर म्हणालीस!"

"स्वच्छच असेल. मला काय कळतंय?"

"मग म्हणालीस कशाला?" एस्किल ओरडला. आयुष्यात तो तिच्यावर क्वचितच ओरडला होता. गाडीच्या काचांवर वाफ धरली. "अख्खा हिवाळा मी घातला त्यात! साहेबांना सांगितलं, वाउनला सांगितलं, आज त्या बाईसमोर छाती काढून बसलो. लोक हसतील मला. एक शब्द बोलली असतीस तर..."

"तर काय केलं असतंस? दुसरं यंत्र केलं असतंस."

ते खरं होतं.

"तू रोज घरी यायचास तो हात घासत," आस्ता म्हणाली. "आज इतकं कमी झालं, आज तितकं. कार्नाच्या वेळी पाळणा करत होतास ना, तसा दिसायचास. मग ते यंत्र आणून समोर खुर्ची टाकून बसलास. त्या चेहऱ्याला मी काय सांगायला हवं होतं? सांग ना. मला खरंच कळलं नाही."

एस्किलनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. तो काहीतरी पुटपुटला.

"इकडे बघून बोल," आस्ता म्हणाली.

त्यानं डोकं वर केलं. "मग अजून जातेस कशाला तालमीला?"

आस्तानं आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ऑर्गनचा खालचा सूर पायातून वर येतो. फरशीतून. आणि शेजारी सगळ्या जणी श्वास घेतात ना, तो एकदम. तेवढंच. पण ते चोरीचं आहे, ते मला कळतं."

ट्रॅक्टर आला, शेतकऱ्यानं गाडी बिघडली का म्हणून खुणेनं विचारलं. एस्किलनं हात हलवून नाही म्हटलं आणि इंजिन सुरू केलं.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आस्तानं झगा धुतला, इस्त्री केला आणि तालमीला जाताना हातावर टाकून नेला. "तू येऊ नकोस," ती एस्किलला म्हणाली. पण तो गेला आणि दाराशी थांबला. त्यानं पाहिलं, ती प्रेबेनपाशी गेली आणि झगा त्याच्या हातात दिला. प्रेबेन भरभर काहीतरी बोलू लागला. त्यानं नेहमीसारखी मान खाली घातली होती, त्यामुळे त्यातलं अक्षरही तिला कळलं नसणार. ती त्याचं बोलणं संपायची वाट बघत उभी राहिली. त्याचे ओठ थांबले तेव्हा म्हणाली, "आता तू मोकळा झालास," आणि त्याच्या दंडावर थोपटलं. आबेलोने ओळीतून बाहेर आली. तिनं आस्ताला मिठी मारली आणि ती रडायला लागली.

"अगं, मीच प्रेबेनकडे गेले होते तुझ्या सुराचं सांगायला," ती आस्ताच्या खांद्यावर तोंड दाबून म्हणत होती. "मीच गेले होते गं."

आस्ता तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "हो ना, हो ना. मलाही तुमची आठवण येईल." एस्किल दाराआडून सगळं ऐकत होता. आबेलोने काय म्हणाली, ते त्यानं आस्ताला घरी गेल्यावरही सांगितलं नाही.

ईस्टरला ती दोघं सगळ्यांबरोबर खाली बाकावर बसली. आस्तानं भजनाचं पुस्तक उघडलं, शब्दांवरून बोट फिरवत राहिली आणि गाणं संपायच्या जरा आधीच पुस्तक मिटलं.

एस्किलचा ॲम्प्लिफायर पुढच्या वर्षी बाजारात गेला. ज्यांचे कान थोडेच गेले होते त्यांना तो फार आवडला. जटलंडमधल्या एका म्हाताऱ्या व्हायोलिनवादकानं कारखान्यात येऊन, ज्यानं हे केलं त्याला भेटायचंय, असा हट्ट धरला. वाउननं त्याला एस्किलच्या टेबलापाशी आणून उभं केलं. म्हाताऱ्यानं एस्किलचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मला माझं वाद्य परत मिळालं." एस्किल म्हणाला, "बरं झालं." त्यानं म्हाताऱ्याला कॉफी पाजली आणि बसपर्यंत सोडून आला.

ओठांचा वर्ग मंगळवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. बायकांबरोबर नवरे, नवऱ्यांबरोबर बायका. शिकवणारी बाई फटकळ होती. दुसऱ्याच मंगळवारी तिनं एस्किलकडे बोट दाखवलं. "तुमची बायको बरी शिकेल. पण तुमच्या बोलण्यातलं अर्धं त्या दाढीच्या झुडपातच अडकतंय. ओठ दिसायला नकोत?"

वर्गात हशा पिकला. आस्तालाही हसू आलं, कुणी काय म्हटलं ते कळायच्या आधीच.

एस्किलची दाढी लग्नाआधीची होती. कार्नानं लहानपणी तिला लोंबकळून चालायला शिकून घेतलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं आधी कात्री घेतली, मग वस्तरा. बेसिन पांढऱ्या केसांनी भरलं. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा आस्ता सूप ढवळत होती. तिनं वळून पाहिलं आणि पळी भांड्यातच सोडली.

"अरे देवा. हा कोण?"

"तुझाच नवरा," तो म्हणाला.

ती जवळ आली. त्याचा खालचा चेहरा फिकट होता, वरच्या चेहऱ्यापेक्षा तरुण. हनुवटीखाली एक पांढरी आडवी खूण होती. तिनं तिच्यावर बोट ठेवलं.

"ही कुठून आली? मी कधी बघितलीच नाही."

तिची यंत्रं खिडकीत ठेवलेली होती. एस्किलनं ती आणली नाही. त्यानं तिला दिव्याच्या उजेडात खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून सांगू लागला: सहा-सात वर्षांचा होतो. भाऊ आणि मी, बर्फावर. मी पडलो, हनुवटी फाटली. भावानं ढकललं नाही, पण आईला मी सांगितलं की त्यानंच ढकललं. आईनं त्याला मारलं. पुढं तो समुद्रावर गेला, परत आला नाही.

आस्ता त्याच्या ओठांवर नजर रोवून, कपाळाला आठ्या घालून बसली होती. "बर्फ," ती म्हणाली. "भाऊ." मग तिचा चेहरा उजळला आणि ती मोठ्यानं हसली. कुठलातरी शब्द तिला वेगळाच लागला होता.

एस्किल क्षणभर थांबला. मग त्यानं तिचे हात धरले आणि पुढचं सांगायला लागला.